हाताला कोमट

रंगीत माशांच्या त्या दुकानदाराला बाजारात खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्याला पारा म्हणत. एक तर त्याचा स्वभाव. गिऱ्हाइकाने टाकीच्या काचेवर टकटक केली, की याचा पारा चढलाच म्हणून समजा. आणि दुसरा त्याचा उजवा हात. मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "सव्वीस. झालंच तर अर्धा इकडेतिकडे." कोणी शंकेखोर असला तर थर्मामीटर सोडून बघे, आणि बघून झालं की मुकाट्याने मासे घेऊन घरी जाई.

गंमत अशी, की दुकानात थर्मामीटर विकायला होते. गल्ल्यामागे खिळ्याला पुठ्ठ्यांवर लटकलेले असत. पण त्याच्या स्वतःच्या टाक्यांवर एकही नव्हता. "मासा ओरडत नाही, त्याला घाम येत नाही, तो कुडकुडत नाही," पारा म्हणायचा. "त्याच्या वतीने आपल्या हाताला कळायला हवं. काचेच्या नळीला काय कळतंय?"

त्याच्या बायकोला सगळा बाजार वहिनी म्हणायचा. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि एक मोरी, मध्ये अरुंद जिना, असा दोघांचा संसार. लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. गल्ला आणि गिऱ्हाइकं वहिनी सांभाळायची, पाणी पारा सांभाळायचा. रोज सकाळी प्रत्येक टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच ताजं घालायचं. उबेच्या माशांना गार पाणी एकदम घातलं तर ते आजारी पडतात, म्हणून बादलीत गिझरचं गरम आणि पिंपातलं गार मिसळून, हाताने बघून, मगच ओतायचं. टाकीतला हीटर पुढची ऊब राखायचा, पण ओतायच्या पाण्याचा सगळा भार पाराच्या हातावर होता. इतकी वर्षं त्या हाताने दगा दिला नव्हता.

त्या हिवाळ्यात पहिल्यांदा डिस्कसची जोडी गेली. बशीएवढे गोल, विटकरी रंगाचे मासे. पाराने पिल्लांपासून वाढवलेले आणि कोणी कितीही मागितले तरी न विकलेले. सकाळी पाणी बदललं तेव्हा दोघं वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. दुपारी आडवे झाले. पाराने नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या. मग हीटर संशयात सापडला, तो काढून नवा लावला. पुढच्या आठवड्यात चिमुकल्या निऑन माशांचा अख्खा थवा गेला, तेव्हा नवा हीटरही काढून टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं चाललं होतं. पण चोर कोण हे तेव्हा वहिनीलाही माहीत नव्हतं.

पाराला साखरेचा आजार जुना. गोळी घेतली म्हणजे गोड खायचा परवाना मिळाला, अशी त्याची समजूत. अलीकडे शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागायचा. एकदा तो जिना चढून वर आला तो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी खालच्या पायरीवर राहिली होती आणि त्याचा पत्ताच त्याला नव्हता.

"अहो, लक्ष कुठंय तुमचं?" वहिनी हसून म्हणाली.

"माशांत," तो म्हणाला. तोही हसला.

मग दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या दवाखान्यात, बाहेर बसणाऱ्या लोकांसाठी, पाराने लावून दिलेली मोठी टाकी होती आणि तिचं पाणीही तोच जाऊन बदलायचा. डॉक्टर जुने आणि भिडस्त. पारा बाहेर गेलाय असं बघूनच ते आत शिरले.

"वहिनी, रागावू नका. काल पारा येऊन गेला आणि संध्याकाळी सगळे एंजल मासे मरून तरंगले. मी काचेला हात लावला तर..." ते थांबले. "काच गरम होती हो. चांगली गरम. त्याची तब्येत वगैरे बरी आहे ना?"

"हीटर बिघडला असेल," वहिनी म्हणाली. स्वतःचंच बोलणं तिला पाराच्या तोंडचं वाटलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी तिला कळलं. पारा बादलीत पाणी कालवत होता. त्याच्या हातातून रबरी नळी बादलीत पडली म्हणून वहिनीने ती काढायला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे ओढला. चटकाच बसला होता.

"अहो! कढत आहे हे!"

"कढत? कोमट आहे."

त्याचा हात अजून पाण्यातच होता. मनगटापर्यंत लालबुंद झालेला, आणि तो निवांत ढवळत होता.

"हात काढा बाहेर," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही तेव्हा तिने मनगट धरून ओढलाच. पारा आपल्या हाताकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. त्याच्या नजरेत क्षणभर असं काही आलं, की वहिनीला वाटलं आता हा खाली बसेल. पण तो बसला नाही. त्याने बादलीला लाथ मारली, पाणी दुकानभर झालं.

"तुझेच हात नाजूक झालेत, गल्ल्यावर बसून बसून! मला शिकवतेस पाणी?"

तिने फडकं आणून फरशी पुसली. संध्याकाळी खिळ्यावरचा एक थर्मामीटर काढून तिने मोठ्या टाकीच्या काचेला चिकटवला. सकाळी बघते तर तो पुन्हा पुठ्ठ्यावर, पुन्हा खिळ्यावर. 

"एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ," ती जेवताना म्हणाली.

"कशाला? मला काय धाड भरलीये?"

वहिनीने बरंच मनाला लावून घेतलं आणि मग एक मार्ग काढला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती त्याच्या आधी उठू लागली. तो दाढी करून खाली येईपर्यंत बादल्या भरून, पाणी मिसळून, रांगेत मांडून ठेवायची. एप्रनच्या खिशात थर्मामीटर असायचा, तो वापरून झाला की खिशात परत. गिझरवरची, पाणी कमीजास्त तापवायची खुंटी तिने गुपचूप खाली आणली. पारा यायचा, बादलीत हात घालायचा, डोळे बारीक करायचा.

"बरोबर आहे," म्हणायचा. "तुला जमायला लागलं."

मासे मरायचे थांबले. डिस्कसची नवी पिल्लं आणली, ती अंगाने भरली. दातांच्या डॉक्टरांकडे पाणी बदलायला वहिनीही "जरा पाय मोकळे करते" म्हणून बरोबर जाऊ लागली. पारा पुन्हा गिऱ्हाइकांपुढे हात बुडवून आकडे सांगू लागला, आणि वहिनीने सकाळीच मोजलेलं असल्यामुळे, आकडा चुकला तर ती गल्ल्यावरून घाईघाईने दुसराच विषय काढायची.

"बघ," तो म्हणाला, "नळाचं पाणीच खराब होतं. सुधारलं आता."

"हो ना," ती म्हणाली.

लेकीचा फोन आला की विचारायची, "बाबा कसे आहेत?" वहिनी सांगायची, "ठणठणीत. माझ्यापेक्षा जास्त ओरडतात." आणि दोघी हसायच्या.

थंडी भर रंगात असताना लेकीची बाळंतपणाची रजा संपली. तिची मुलगी, सगळे तिला ठकू म्हणत, नुकती बसायला लागली होती. पाळणाघरात ठेवायला लेकीचा जीव होत नव्हता. "दिवसभर तुमच्याकडे राहील, संध्याकाळी मी येते," ती म्हणाली. वहिनीला बादलीतला तो लाल हात आठवला. पण नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

पारा तर हरखूनच गेला. ठकूला मांडीवर घेऊन टाक्यांपुढे बसायचा, एकेका माशाची ओळख करून द्यायचा. आणि पहिल्याच दिवशी त्याने जाहीर केलं, "हिची आंघोळ माझ्याकडे."

"मी घालते की," वहिनी म्हणाली.

"हिच्या आईला कोणी घातली? तुझ्या हातचं पाणी कधी गार, कधी गरम. रडून घर डोक्यावर घ्यायची ती. मी घातलं की गप्प."

ते खरं होतं. लेकसुद्धा म्हणाली, "घालू दे ना गं आई. बाबांच्या हाताला कळतं." 

मग तिने इथेही तोच मार्ग धरला. टबातलं पाणी तिने काढून, मोजून ठेवायचं, आंघोळ पाराने घालायची. तो टबात हात घालून मान हलवायचा, आणि ठकू पाण्यावर थापट्या मारून त्याला भिजवायची. वहिनी दाराला टेकून उभी राहायची. हलायची नाही. रोज सुखरूप पार पडायचं आणि रोज तिला वाटायचं, आजचा दिवस गेला, उद्या सांगू.

त्या दिवशी तिने टब भरला आणि खालून हॉर्न वाजला. मासे आणणारा गाडीवाला होता. पिशव्यांमध्ये मासे, पिशव्या खोक्यांत, आणि खोकी अशा गारठ्यात रस्त्यावर ठेवून चालणार नव्हतं. पिशव्या ताबडतोब टाक्यांत तरंगत ठेवायला हव्या होत्या, म्हणजे आतलं पाणी हळूहळू टाकीच्या पाण्याइतकं उबदार होतं.

"मी आल्याशिवाय आंघोळ घालू नका," ती जिन्यातून म्हणाली. "थांबा जरा."

"बरं, बरं."

खोकी नेहमीपेक्षा जास्त होती. एक पिशवी फुटली होती, तिच्यातले गप्पी फरशीवर उड्या मारत होते. गाडीवाला सही मागत होता. वहिनी गुडघ्यावर बसून गप्पी गोळा करत असताना वरून किंकाळी आली.

मूल रडतं ते वेगळं. ही किंकाळी तशी नव्हती. हातातली जाळी टाकून ती जिना चढली. मोरीत पारा उभा होता, ठकूला दोन्ही हातांनी छातीशी धरून. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं, वाफा निघत होत्या. पोटापासून खाली ती लाल झाली होती.

"काय झालं हिला?" पारा विचारत होता. "काय झालं गं? पाणी तर कोमट आहे. बघ ना, कोमटच आहे!"

वहिनीने मूल हिसकावून घेतलं आणि गार पाण्याच्या नळाखाली धरलं. किती वेळ धरलं ते तिला आठवत नाही. गाडीवाला वर धावत आला होता, त्यानेच त्यांना इस्पितळात पोचवलं.

नंतर सगळं उलगडलं. टब भरून बराच वेळ झाला होता. थंडीत पाणी निवलं असेल, नातीला हुडहुडी भरेल, म्हणून पाराने गिझरचं पाणी आणखी सोडलं होतं. हाताने बघत बघत सोडलं. आणि गिझरची खुंटी, वहिनीने खाली आणलेली, त्यानेच केव्हातरी पुन्हा वर चढवली होती. स्वतःच्या आंघोळीला पाणी गारच लागतं, अशी त्याची तक्रार होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत होत्या. त्यांनी विचारलं, "पाणी कोणी बघितलं होतं?"

"मी," पारा म्हणाला. "हाताने बघितलं. हाताला कोमट होतं."

त्यांनी त्याच्या हाताकडे बघितलं. कातडी सुजून आली होती, एका बोटावर फोड धरत होता. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "आता मी बोटांना टाचणीने टोचणार आहे. टोचलं की हो म्हणा."

पारा डोळे मिटून बसला. वहिनी समोर उभी होती. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याला टोचलं. मग एकेका बोटाला. मग तळव्याला. पारा शाळेतल्या पोरासारखा ताठ बसून वाट बघत होता.

"टोचा की," तो म्हणाला. "मी तयार आहे."

बाईंनी टाचणी खाली ठेवली होती. त्याच्या बोटांवर लाल ठिपके उमटले होते. त्याने डोळे उघडले, ठिपके बघितले, आणि हात उलटा करून मांडीवर ठेवला.

लेक कामावरून थेट आली. जावई तिच्या मागे. आधी ती काचेआडून ठकूला बघून आली. मग व्हरांड्यात आली, जिथे हे दोघं बाकावर बसले होते. पारा उठून उभा राहिला. ती त्याच्याकडे गेलीच नाही. आईसमोर येऊन थांबली. साखरेच्या आजाराने पाराच्या हातांची जाणीव गेली आहे, हे डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं.

"आई, तुला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. पाराला काही ठाऊक नव्हतं, थर्मामीटर एप्रनच्या खिशात होता, साक्षीदार कोणी नव्हता.

"होतं," वहिनी म्हणाली.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

लेकीने ठकूच्या खोलीकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "बाबांना कळत नव्हतं. तुला कळत होतं." एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. जावयाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आत निघून गेले.

ठकू वाचली. पाठीची कातडी काढून पायांवर लावावी लागली, आणि ती पुढे वाढत्या अंगाबरोबर पुन्हा पुन्हा सैल करावी लागेल, असं सांगितलं गेलं. ही बातमी जावयाने फोनवर दिली. यापुढे बातम्या तोच देई, थोडक्यात, आणि फोन ठेवी. लेकीने फोन घेतला नाही.

पारा खाली दुकानात येईना. खाटेवर बसून भिंतीकडे बघायचा, गोळ्या मात्र आता न चुकता घ्यायचा. वहिनीने सगळ्या टाक्यांना थर्मामीटर चिकटवले. गिऱ्हाइकं विचारायची, "पारा दिसत नाही?" ती म्हणायची, "बरं नाही."

एका दुपारी ती जेवण घेऊन वर गेली तेव्हा तो आपणहून बोलला.

"मासे मरायचे थांबले होते, ते... तू?"

"हो. मी पाणी मिसळून ठेवायची."

"रोज?"

"रोज."

तो ताटाकडे बघत राहिला. "त्या दिवशी बादलीत हात लाल झालेला बघितला ना, तेव्हा मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "तुझ्यावर ओरडलो, पण मनातून टरकलो होतो. ठरवलं होतं, गुपचूप जाऊन दाखवून येऊ डॉक्टरला. आज जाऊ, उद्या जाऊ. मग मासे मरायचे थांबले. मला वाटलं, हात बरा झाला."

वहिनीच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. तिला वाटत होतं आपण त्याची अब्रू झाकली. तोही आपल्या परीने तिच्यापासून झाकतच होता. दोघांनी एकमेकांपासून लपवलं, आणि त्या पोरीचे पाय गेले भाजून.

"मला म्हणाला असतात तर," ती म्हणाली.

"तू म्हणाली असतीस तर," तो म्हणाला. भांडणाचा सूर नव्हता त्यात. दोघांनाही भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

हिवाळा सरता सरता पाराच्या पायात बारीक खिळा घुसला. त्याला दुखलं नाही. वास यायला लागला तेव्हा वहिनीला कळलं. दोन बोटं काढावी लागली. इस्पितळातून परत आल्यावर त्याने स्वतःच सांगितलं, उबेचे मासे देऊन टाक. दुसऱ्या बाजारातला एक दुकानदार येऊन डिस्कस, एंजल, निऑन सगळे घेऊन गेला, हीटरसकट. गोल्डफिश तेवढे राहिले. त्यांना हीटर लागत नाही. अर्धं दुकान रिकाम्या काचांचं झालं.

ठकूचे कपडे, दुपटी, एक लाकडी खुळखुळा वर पडून होता. ते न्यायला उन्हाळ्यात एके दिवशी लेक आली. एकटीच. वहिनीने सगळं धुऊन, घड्या घालून पिशवीत भरून ठेवलंच होतं, जणू ती कधी येईल याची वाटच बघत होती. लेकीने पिशवी घेतली.

"चहा टाकू?"

"नको. रिक्षा थांबलीये."

"बाबा वर आहेत."

लेकीने जिन्याकडे बघितलं आणि मग रिकाम्या टाक्यांकडे. "मासे कुठे गेले?" तिने विचारलं.

"देऊन टाकले."

ती पिशवी सांभाळत दारापर्यंत गेली. तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. पारा जिन्याच्या तोंडाशी येऊन भिंत धरून उभा होता. खाली उतरायचं धाडस त्याला झालं नाही.

"ठकू चालते का गं?" त्याने विचारलं.

लेक पाठमोरीच थांबली. पिशवीचा बंद तिने हातात गुंडाळला, सोडला.

"चालते," ती म्हणाली. "धरून धरून."

आणि ती बाहेर पडली. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही रस्त्याच्या आवाजात मिसळला. पारा वरच्या पायरीवर बसला होता. वहिनी चढून वर गेली, त्याच्या शेजारी जेमतेम जागा होती तिथे अंग चोरून बसली.  मग खाली कोणीतरी आलं आणि दारातूनच ओरडून विचारलं, माशांचं खाणं मिळेल का. वहिनी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि उतरू लागली.